गावपळणीतला संगणक

३ नोव्हेंबर, सोमवार

अकरा मिनिटं. घड्याळ लावून मोजली. बटण दाबलं, चहा झाला, पिऊन झाला, परसातल्या दोन माडांना पाणी घालून आलो, तरी पडद्यावर ते गोल चाक फिरतच होतं. चौतीस वर्षं एसटीत वाहक म्हणून काढली. एवढ्या वेळात आम्ही बंद पडलेली गाडी प्रवाशांकडून ढकलून चालू करत असू.

कुडाळच्या वाचनालयाने सत्तावीस डिसेंबरला माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय मीच दिला: ‘कोकणातली कुलूपबंद घरं’. आमच्या वाडीत एकवीस घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप. मे महिन्यात दहा दिवस दारं उघडायची, आंबे खायचे आणि पुन्हा मुंबई. यावर मी बोलणार नाही तर कोण बोलणार? भाषण टाइप करून द्या, पुस्तिका काढू, असं वाचनालयवाले म्हणतात. आणि हा डबा मला पहिल्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाही.

सून नम्रता मागे उभी राहून म्हणाली, “बाबा, रॅम कमी आसा. चारच जीबी. मेमरी वाढवली तर मशीन धावतला.”

मी म्हटलं, बारा वर्षं धावलं ते कशावर? तेव्हा चार पुरत होते ना? मग यंत्राची भूक वाढली की कुणीतरी ती मुद्दाम वाढवली? याचा विचार कुणी करत नाही.

ती आत निघून गेली. तिला पटलं असावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कुडाळला गेलो होतो. स्टेशनच्या रस्त्याला कौस्तुभचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा हुशार, पण जिभेला हाड नाही.

“काका, टाकून देवा तो. नवीन घेवा.”

“मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मलाही टाकून देणार काय?”

“तुमका कोण टाकतलो, काका? तुमचे पार्ट खंय मिळतत?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही. मग तो म्हणाला की, टाकायचा नसेल तर या बोर्डावर सोळा जीबीपर्यंत जाता येतं, आठ-आठच्या दोन पट्ट्या बसतात. फक्त भाव गेल्या वर्षीच्या दुप्पट झाले आहेत. का? तर सगळे कारखाने आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गोदामांना माल देतात. जुन्या जातीची मेमरी कुणी बनवतच नाही. आपल्या वाट्याला उरलंसुरलं.

म्हणजे बघा. कुठल्या तरी सातासमुद्रापलीकडच्या वाळवंटात यंत्रांना विचार करायला शिकवायचं आहे, म्हणून मालवण तालुक्यातल्या एका माणसाने स्वतःचे विचार टाइप करायला दुप्पट भाव मोजायचा. हे मी काउंटरवर हात आपटून म्हटलं. कौस्तुभ म्हणाला, “काका, ह्या भाषण माझ्याकडे कशाक? मी कारखानदार नाय.”

रिकाम्या हाताने परत आलो. ताठ मानेने आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

मुलाचा, निलेशचा, पनवेलहून फोन. म्हणतो, मी लॅपटॉप घेऊन देतो. मी नको म्हटलं. हा संगणक त्यानेच पहिल्या पगारातून आणला होता आणि आता त्यालाच त्याची लाज वाटते. मग हळू आवाजात म्हणतो, “नायतर नम्रताक हंयच घेवन येतंय. तिच्या शिक्षणाचा काय तरी व्हवक होया. डिप्लोमा करून घरात बसली आसा.”

घरात बसली आहे! घरात राहणं म्हणजे बसणं? मी त्याला पंचवीस मिनिटं समजावलं की, प्रत्येक बंद घराची सुरुवात अशाच एका वाक्याने होते. शेवटी बायकोने, सुगंधाने, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, “बाबू, जेवलंस काय?”

विषयाचं गांभीर्य या घरात कुणालाही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज स्वतःच संगणकाचा सीपीयू उघडला. कौस्तुभ म्हणाला होता, खाऱ्या हवेने मेमरीच्या पट्टीचे दात काळे पडतात, खोडरबराने घासा. आत पालीची दोन अंडी, मुंग्यांचं वारूळ व्हायला आलेलं आणि बोटभर धूळ. पट्टी काढली, घासली, लावली. त्यानंतर संगणक चालूच होईना. नुसता बीप बीप ओरडत राहिला.

सुगंधा म्हणाली, “बरा झाला. आता भाषणाचो आवाज तरी कमी जातलो.”

दुपारी जेवून पडलो होतो. उठलो तर चालू! नम्रता म्हणाली, पट्टी नीट बसली नव्हती. असेल. पण घासली मी होती, हे विसरून चालणार नाही. आता नऊ मिनिटांत उघडतो. दोन मिनिटं वाचली, एक पैसा खर्च न करता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देवदिवाळी. देवळात कौल लावला. देवाने गावपळण दिली. नऊ डिसेंबरला सकाळी निघायचं, तीन दिवस, तीन रात्री.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे घरं सोडून शिवेबाहेर जाऊन राहतात. आत एकही दिवा लागत नाही. देव एकटा राहतो म्हणे. मी देव मानत नाही, कौल मानत नाही. पाषाणाला चिकटवलेली ओली पाकळी उजवीकडून पडली (म्हणजे होकार) काय आणि डावीकडून पडली (म्हणजे नकार) काय, तो पाण्याचा आणि वजनाचा खेळ आहे, हे मी चाळीस वर्षं देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगतो आहे. पण गावपळण मी मानतो. सावकार आणि कूळ, सरपंच आणि शिपाई, सगळे एकाच माळावर माडाच्या झापांच्या खोपीत झोपतात, असा दुसरा कायदा या देशात मला दाखवा. म्हणून मी दर वेळी जातो, आणि पुढे उभा राहून जातो.

गंगाराम, आमच्या गावचा मानकरी आणि माझा शाळासोबती, म्हणाला, “हरी, देव मानणस नाय आणि देवाच्या आधी भायर पडतंस. तुझा देवाकय कळणा नाय.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज घरात वाद झाला. म्हणजे मी बोललो.

नम्रताला कुडाळच्या मंगेश इंजिनिअरने काम दिलं आहे. घरांचे नकाशे काढायचे, तिन्ही बाजूंनी घर दिसतं तसले. घरी बसून. तेरा डिसेंबरपर्यंत तीन घरांचे नकाशे दिले आणि पसंत पडले तर वर्षभराचं काम देणार. पण नकाशा अर्धा झाला की प्रोग्राम आपोआप बंद होतो, केलेलं सगळं जातं. तिने पुन्हा मेमरीचा विषय काढला.

मी तिला शांतपणे सांगितलं. (सुगंधा म्हणते, शेजारच्या दाजींना ऐकू गेलं. दाजींचे कान तिखट आहेत.) मी म्हटलं, मुली, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. आज मेमरी, उद्या बोर्ड, परवा पडदा. आपण वाकलो की तो बाजार आपल्याला वाकवतच राहतो. आपल्या आज्यांनी एका कोयत्यावर तीन पिढ्या काढल्या. दांडा बदलला, पण कोयता बदलला नाही.

“दांडो तरी बदलल्यानी ना, बाबा?” ती म्हणाली.

“तो झिजला होता म्हणून.”

“मी पण ताच सांगतंय.”

सुगंधा आतून हसली. मी विषय संपवला. हुशार मुलगी, पण वाचन कमी. कागदावर हाताने काढ म्हटलं नकाशा, थोर थोर इमारती हातानेच काढल्या गेल्या. ती उठून भांडी घासायला गेली. वास्तविक भांडी आधीच घासलेली होती.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या निघायचं. खोपी उभ्या करून झाल्या. दोन बैल, नऊ कोंबड्या, मांजर, तांदूळ, सुके बांगडे, कंदील, सगळं बांधलं.

नम्रता म्हणाली, “बाबा, सीपीयू मी कसालाक आवशीकडे नेतंय. थंय बसान काम पुरा करतंय. तीन दिवस हंय बंदच रवतलो ना?”

मला धक्काच बसला. सगळा गाव यंत्रं सोडून माळावर येणार आणि माझ्या घरातलं माणूस यंत्र काखेत मारून माहेरी जाणार! मी उद्या शिवेवर बोलणार आहे, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, तू माहेरी जा, हवं तर चार दिवस राहा, पण घरातली वस्तू घरातच राहील. इंजिनिअरला सांग, आमची गावपळण आहे. सुसंस्कृत माणूस असेल तर समजून घेईल.

“सांगलंय. तो म्हणालो, तारीख माझी नाय, गिऱ्हाईकाची.”

गिऱ्हाईक! या एका शब्दापुढे सगळ्यांनी गुडघे टेकले आहेत.

संगणकावर चादर घातली आणि रात्री उशिरापर्यंत त्याच खोलीत बसून राहिलो. भाषणाचे मुद्दे काढत होतो.

९ डिसेंबर, मंगळवार. माळावरून

नऊच्या सुमारास ढोल वाजला आणि गाव निघाला. शिवेवरच्या वडापाशी गंगाराम म्हणाला, “बोल रे दोन शब्द, नायतर तुझा पोट फुगात.” मी बोललो. दोन शब्दांची वीस मिनिटं झाली, पण एकही पोर रडलं नाही.

मी म्हटलं, गड्यांनो, तीन दिवस मोबाइल, टीव्ही, संगणक या सगळ्यांना आपण शिवेच्या आत कोंडलं आहे. बघू कोण कुणाशिवाय जगतं ते. आणि ऐका, देवाच्या भीतीने नव्हे, एकमेकांच्या शब्दाखातर कुणीही ही शीव ओलांडायची नाही. जो ओलांडेल त्याने गावाचा शब्द मोडला. टाळ्या झाल्या. वास्तविक अर्ध्या लोकांच्या खिशात मोबाइल होते, पण भावना पोचली.

नम्रता टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या हातात कोंबड्या होत्या.

११ डिसेंबर, गुरुवार. माळावरून

काय हे दिवस! काल संध्याकाळी फुगड्या, भजन, कुळथाची पिठी आणि भात. पोरांना विटीदांडू शिकवला. छाती मोकळी झाली.

सकाळी ओढ्यावर तोंड धुवायला गेलो तर नम्रता स्कूटरवरून समोरून आली. पायाशी मोठी गोणी, दोरीने बांधलेली. तोंड पांढरंफटक. मला बघून थांबली नाही. खोपीत येऊन सुगंधाला विचारलं, तर म्हणाली, “कसालाक गेली. आवशीचे गुडघे धरलेत. दोन दिवसांनी येतली.”

“गोणीत काय?”

“नारळ.”

एवढे नारळ आम्ही पळणीला आणले होते हे मला माहीत नव्हतं. असो. आईच्या गुडघ्यांसाठी धावत जाणारी सून मिळायला भाग्य लागतं. हे मी दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

१२ डिसेंबर, शुक्रवार. माळावरून

परतीचा कौल लावला. देवाने दिला नाही. आणखी दोन दिवस.

पाण्याचा आणि वजनाचा खेळ. त्या खेळासाठी सहाशे माणसं दोन दिवस जास्त माळावर. दाजींच्या म्हशीला ताप, दोन पोरांच्या परीक्षा, आणि सगळे कसे मुकाट! मी गंगारामला म्हटलं, पाकळी पुन्हा लाव, या वेळी पाणी जास्त घाल. तो म्हणाला, “तुझ्या जिभेर थोडा पाणी घाल.”

मग नम्रताची आठवण झाली. तेरा तारीख उद्या. पळण तीन दिवसांची असती तरी आज संध्याकाळी घरी जाऊन तिला काही करता आलं असतं, असं क्षणभर वाटलं. पण माणसाने सगळ्याचा भार स्वतःवर घेऊ नये. तो इंजिनिअरच माणुसकी नसलेला.

१४ डिसेंबर, रविवार

आज कौल मिळाला. परत आलो. ओसाड गावात पहिलं पाऊल टाकताना जे वाटतं ते लिहिता येत नाही. अंगणात पाच दिवसांचा पालापाचोळा, विहिरीवर एक खंड्या बसलेला.

मी देवळापाशी लोकांशी बोलत राहिलो. नम्रता काल संध्याकाळी कसालहून आली होती, ती स्कूटरने पुढे गेली, घर उघडून दिवा लावायला. तासाभराने मी पोचलो. संगणक जागच्या जागी, चादर व्यवस्थित. बटण दाबलं.

चाळीस सेकंद!

पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. चाळीस सेकंद. मी ओरडलोच. सुगंधा चुलीपाशी होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. नम्रता म्हणाली, “व्हय काय, बाबा? बरा झाला.”

विश्रांती! यंत्रालाही विश्रांती लागते. पाच दिवस त्याला कुणी छळलं नाही, एवढंच. कौस्तुभला हे कुठल्या पुस्तकात शिकवलं असतं? सगळी महाविद्यालयं बंद करा आणि पोरांना एकेक गावपळण द्या. आठ पानं टाइप केली. व्याख्यानात हा दाखला घालणार. शेवटी.

आणखी एक आनंदाची गोष्ट. मंगेश इंजिनिअरने नम्रताला काम दिलं. कागदावर हाताने काढले असणार.

१६ डिसेंबर, मंगळवार

संताप, संताप.

दाजी सांगतात, अकरा तारखेला पहाटे म्हैस शोधायला ते डोंगरावर चढले होते. तिथून त्यांना गावातून स्कूटर बाहेर जाताना दिसली. कुणाची ते अंतरावरून कळलं नाही. सकाळी चारजण जाऊन बघून आले. देवळामागच्या मऊ मातीत चाकाची खूण अजून आहे.

गावपळणीत कुणीतरी आत गेलं. सहाशे माणसांचा शब्द एका माणसाने मोडला. गंगारामचा चेहरा उतरला आहे. म्हातारी माणसं म्हणतात, पळण बाटली, पुन्हा बाहेर पडावं लागणार. पुन्हा पाच दिवस! भातझोडणी खोळंबेल.

मी देवळात उभा राहिलो आणि बोललो. म्हटलं, मी देव मानत नाही, म्हणून माझ्यावर कुणी अंधश्रद्धेचा आळ घेणार नाही. पण हा चोर आहे. चोरीला माल गेला नसेल, विश्वास गेला आहे. रविवारी सभा घ्या. मी स्वतः त्याला शोधून उभा करीन आणि सगळ्यांसमोर जाब विचारीन. नाव कितीही मोठं असो.

टाळ्या झाल्या, पळणीपेक्षा जास्त. घरी येऊन जेवताना सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. नम्रताने अर्धी भाकरी पानात टाकली. सुगंधा म्हणाली, “मीठ वाढू काय? की तुमच्या बोलण्यात आसा तेवढा पुरे?”

१८ डिसेंबर, गुरुवार

कौस्तुभला फोन केला, जरा हिणवावं म्हणून. म्हटलं, तुझ्या पट्ट्या ठेव तुझ्याकडे, आमचा संगणक नुसत्या विश्रांतीने चाळीस सेकंदांवर आला.

तो हसला. “काका, सोळा जीबी घातल्यार म्हातारो पण धावतलो. नम्रतावैनी कसालासून दुकानात घेवन इलेली ना, मीच बसवलंय. अकरा तारखेक.”

मी फोन ठेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल पुढे लिहू शकलो नाही. 

सकाळी दोघींना समोर बसवलं. म्हटलं, खरं बोला.

नम्रताने सांगितलं. माळावरून पहाटे एकटी निघाली. शिवेवर नारळ ठेवला, देवाला सांगितलं आणि मग आत गेली. सीपीयू गोणीत घातला. कसालला भावाच्या टीव्हीला जोडून दोन दिवस, जागून, नकाशे पुरे केले. मेमरी इंजिनिअरने आगाऊ दिलेल्या पैशांतून घेतली. सुगंधाला सगळं ठाऊक होतं. मला नारळ सांगितले!

मी खूप बोललो. विश्वासघात, घराची अब्रू, माझं शिवेवरचं भाषण, देवळातलं भाषण. ती ऐकत राहिली. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली:

“बाबा, तुमी देव मानणत नाय. तुमका शिवेच्या भायर रवणा सोपा. मी मानतंय. गाव सगळो रिकामो, एक कुत्रो नाय भुकाक.  आत पाय टाकताना वाटला, आता काय तरी होतला. तरी गेलंय. ता काम गेला असता तर निलेशान पनवेलाची खोली घेतल्यानच होती. माका जावचा नाय, बाबा. माका हंयच रवाचा आसा. हंय रवान कमवूचा आसा. ता सांगूक मी तीनदा इलंय तुमच्याकडे.”

तीनदा. मी ही वही मागे उलटून बघितली. तीनदाच. तिन्ही वेळचं लिहिलेलं आहे, आणि तिन्ही वेळा मी फक्त यंत्राबद्दल लिहिलं आहे.

सुगंधा म्हणाली, “कुलूपबंद घरा म्हणान बोंबलतास. आपल्या घराची चावी तुमच्याच कनवटीक होती.”

 मी उठून परसात गेलो. राग येतो आहे. कुणाचा ते लिहिणार नाही.

रविवारची सभा मीच मागितली आहे.

२१ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

देवळाचा मंडप भरला होता. गंगाराम म्हणाला, “हरी, तू बोललंलंस, चोराक उभो करतंय. कर.”

मी रात्रभर मनात भाषण बांधलं होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. अपराध आणि गरज, नियम आणि माणूस. शेवटी मी म्हणणार होतो, माझं नाव लिहा. उभा राहिलो आणि सुरुवात केली, “मंडळी, चोर माझ्या घरात आहे आणि त्याचं कारण मी...”

एवढ्यात बायकांमधून नम्रता उठली. सुगंधाने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवला.

“मी गेललंय,” ती म्हणाली. “कामाचा मशीन आणूक. चोरी करूक नाय.”

संपलं. माझं सगळं भाषण तिने दोन वाक्यांत खाल्लं. मला त्याही क्षणी राग आला. मी म्हटलं, गप्प बस, मी बोलतो आहे. गंगाराम म्हणाला, “तूच गप बस रे, पहिल्यांदाच कोण तरी बोलण्यासारखा बोलला.” मंडपात हसू फुटलं, पण सगळीकडे नाही. दाजी तावातावाने उठले, पळण बाटली म्हणाले. कुणी म्हणालं, त्या घराला वाळीत टाका. कुणी म्हणालं, सुनेला माहेरी धाडा. माहेरी धाडा! मी बाह्या सरसावून पुढे झालो.

“माझ्या सुनेक कोण धाडता?” मी म्हटलं. सभेत मी कधी मालवणी बोलत नाही. “तिना तीनदा विचारल्यान. मी तीनदा नाय म्हटलंय. मशीन कसालाक जावक होया होता नव तारखेक, उजेडात, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी तेच्यार चादर घालून बसलंय. धाडूचा तर माका धाडा.”

 मग गंगाराम म्हणाला, देवाला विचारू. देवाने ओटीत घेतलं, माफ केलं, तर ठीक, नाही तर पुन्हा पळण. कौल लावायच्या आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्यागणिक लोकांनी होकार भरायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या गंगारामच्या घराण्याचं. तो बाजूला सरकला.

“ह्या गाऱ्हाणा तू घाल.”

मी नाही म्हटलं. चाळीस वर्षं मी याच गाऱ्हाण्याची थट्टा केली आहे, पायरीवर उभं राहून, नकला करून.

“माका म्हायत आसा,” तो म्हणाला. “म्हणान सांगतंय.”

नम्रता पाषाणासमोर हात जोडून बसली होती. तिचे खांदे हलत होते. तिने जे मोडलं ते तिच्यासाठी खरं होतं, हे मला तेव्हा दिसलं. मी आत गेलो. चप्पल काढली.  

“बा देवा म्हाराजा,” मी म्हटलं.

“व्हय म्हाराजा,” मागून लोक.

“आज ह्या लेकरान तुझी शीव ओलांडल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

“तुका सांगान ओलांडल्यान, नारळ ठेवन ओलांडल्यान. गावात रवाक होया म्हणान ओलांडल्यान.”

“व्हय म्हाराजा.”

“तिच्या सासऱ्याक तोंड मोठा दिलंस, कान दिवक इसारलंस.”

इथे हशा आला आणि हशातच सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” सुगंधाचा आवाज सगळ्यांत वर.

“काय चुकला-माकला आसात ता माझ्या पदरात घाल. ती हंय रवाक मागता. तिका हंय ऱ्हवांदे. पोरां जावक बघतत, एक तरी रवाक बघता. तिका तू धाडू नको, आमका धाडूक सांगू नको.”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले, आणि या वेळी कुणी हसलं नाही. दाजीही म्हणाले. मी बघितलं.

गंगारामने पाकळ्या लावल्या. उजवीकडे एक, डावीकडे एक.  डावीकडची पाकळी खालून सुटायला लागली. मी पुढे वाकलो. पाणी आणि वजन, मी मनात म्हणत होतो, पाणी आणि वजन, आणि दोन्ही मुठी आवळल्या होत्या. डावी तशीच लोंबत राहिली. उजवी पडली.

ढोल वाजला. नम्रता ढसढसा रडली. गंगारामने माझ्या पाठीत गुद्दा घातला. आणि मी, चाळीस वर्षं या खेळाविरुद्ध बोलणारा माणूस, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. एका ओल्या पाकळीसाठी. लाज वाटते आणि स्वतःचा भयंकर राग येतो. पण आधी सुटका वाटली, राग मागून आला, हे इथे तरी खरं लिहिलं पाहिजे.